हॉप्सच्या दोन पुड्या

मंगळवार, दिवेलागण

सुमे, माझ्या रोजनिशीचं कालचं पान अर्धंच ठेवलंस, विसरलीस ना? पंचविशीत ही गत! लिही.

तुझा भाऊ विनू पुण्यात पहिल्यांदाच स्वतःच्या मनानं बिअर करतोय. तिला वास देणाऱ्या हॉप्सच्या फुलांच्या दोन पुड्या सकाळी पुण्याला परत निघताना त्यानं माझ्यापुढं ठेवल्या. "आजी, गुऱ्हाळात गुळाची काहील कधी उतरवायची ते तू वासावर सांगायचीस. यातली कुठली घालू?"

मी ऐटीत डावी दाखवली. पण गेल्या साली आलेल्या त्या तापापासून मला वासच येत न्हाई गं. मग डावीच का? हाताजवळ व्हती म्हणून! दिवसभर ती डावी पुडी जीव खातेय. पोराचं पहिलंच पिंप वाया गेलं तर?

हसू नको, फोन लाव. मीच सांगते त्याला. आणि त्याला लसणाची चटणी पाठव. भाजताना वास मात्र तू घे.