दोन लिटर, खाडा नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजही नाही! अर्धा तास कासेखाली बसले, थेंब नाही. गाय मान वळवून बघत होती, चुकीच्या घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तशी. मग लाथ. चरवी भिंतीवर, मी शेणात. पंचावन्न वर्षांची बाई, वर्तमानपत्रात वरिष्ठ उपसंपादक, आणि शेणात बसलेय.

आईला जाऊन पाच दिवस झाले. दादा-वहिनी काल परत गेले. मी रजा वाढवून थांबले ती या गाईसाठी. दादा निघताना म्हणाला, "सोळाला रविवार आहे, टेम्पो घेऊन येतो. तोवर दूध द्यायला लागली तर कुणीतरी विकत घेईल. नाही तर भाकड जनावर कोण पोसणार? कुठे जाईल ते तुलाही माहीत आहे, मलाही."

बारा दिवस आहेत. मी बारा मिनिटांत अग्रलेख उतरवलेत. गाईला अंतिम मुदत कळत नाही.

५ नोव्हेंबर

शेजारीणकाकू कुंपणावरून बघत होत्या. सत्तरी ओलांडली, जीभ अजून तिखट.

"शाईच्या हाताला धार येते होय गं?"

म्हटलं, "मग तुम्ही काढून दाखवा."

त्या आल्या, गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि तशाच उभ्या राहिल्या. कासेला हातही लावला नाही. "राहू दे तिला," म्हणाल्या. "तूही राहू दे." डोळे पुसत गेल्या. आई पडली ती यांच्याच फाटकाशी. सकाळी सहाला, हातात भरलेला कॅन. काकू धावत आल्या तेव्हा आई मातीवर आणि दूध सगळं उताराने वाहत चाललेलं. शेवटचं काय बोलली, विचारलं. "दूध सांडलं, म्हणाली."

शहाऐंशी वर्षं जगली आणि शेवटचं वाक्य हे.

६ नोव्हेंबर

संपादकांचा फोन. आधी दुःखात सहभागी वगैरे. मग, "तुम्ही एकोणतीस वर्षं सगळ्यांचे मृत्युलेख लिहिलेत. आईवर लिहा ना. रविवारच्या पुरवणीला, सोळा तारखेला. चारशे शब्द. चौदाला, शुक्रवारी संध्याकाळी द्या."

दिले म्हणून समजा, मी म्हणाले. सवयीने.

चारशे शब्द! मंत्री असो, पैलवान असो, बॅंडवाला असो, माणूस गेल्यावर वीस मिनिटांत उभा करते मी कागदावर. जन्म, कष्ट, एक मजेदार प्रसंग, मागे कोण कोण. आज दुपारभर बसले. जन्मतारीख माहीत नाही. आवडता रंग माहीत नाही. मजेदार प्रसंग... आई कधी मोठ्याने हसली का? आठवत नाही. सगळे शब्द जोडून पाहिले. एकोणीस झाले.

७ नोव्हेंबर

नाही. पायाला दोरी बांधून पाहिली. ती दोरीवरच रागावली.

८ नोव्हेंबर, शनिवार

आठवेल तसं लिहून ठेवते, निवड नंतर.

बाबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची. पहाटे गेले. आईने आधी धार काढली, कॅन पोचवून आली, मग आम्हाला उठवून सांगितलं. दादाने हे तिला बरीच वर्षं माफ केलं नाही. एकदा तोंडावर बोलला. ती म्हणाली, "कास तटतटली होती. तिला काय ठाऊक, कोण गेलं?"

बाबांचा कोट तिने त्या दिवसापासून घातला. गुडघ्याच्या खाली यायचा. कमरेला सुतळी. थंडीत कोट, पावसात कोट. बटणं गेली, अस्तर गेलं, कोट आहे. आत्ता समोर खिळ्याला आहे.

गाईंना तिने कधी नाव ठेवलं नाही. प्रत्येक गाय 'पोरी'. मीही पोरी. अंगणातून हाक आली की आम्ही दोघी वळून बघायचो. खायला बहुतेक वेळा तिला मिळायचं.

उजवा अंगठा आत वळलेला, धारा काढून काढून. मला वसतिगृहात सोडायला आली तेव्हा त्याच हाताने ट्रंक धरली होती. फाटकाशी म्हणाली, "जा." मी वळून बघितलं तर ती निघालेलीही होती. संध्याकाळच्या धारेला पोचायचं होतं.

हे सगळं खरं आहे. आणि हे वाचून कुणालाही वाटेल, काय कोरडी बाई!

९ नोव्हेंबर

डेअरीवाल्याकडे गेले. सकाळची रांग, हातात कॅन घेतलेली बारा-चौदा माणसं. मी दिसले तशी सगळ्यांची बोलणी बंद. अजून नवीन आहे दुःख, असं वाटलं मला.

डेअरीवाल्याने आईचं पुस्तक काढून दिलं. "छप्पन वर्षं, ताई. माझ्या वडिलांच्या वेळेपासून. खाडा नाही! बर्फागत गारठा असू दे, ताप असू दे."

"आणि अलीकडे?"

"दोन लिटर. रोज. काट्यावर मोजून." हे सांगताना तो काट्याकडेच बघत होता. माझ्याकडे नाही.

चला, लेखाला एक आकडा तरी मिळाला. दोन लिटर, खाडा नाही. छान वाक्य आहे.

१० नोव्हेंबर

माझ्याकडे एकदाच राहायला आली होती. अकरा वर्षं झाली. गाय काकूंवर सोपवून आली. एक पिशवी, दोन कपडे, अंगावर कोट. माझ्या जागेत तिला करण्यासारखं काही नव्हतं. भांडी घासायला घेतली तर कामवाली चिडली. पहाटे उठायची आणि खुर्चीत बसून राहायची, मी उठेपर्यंत. एकदा विचारलं, काय करतेस? "वेळ जाऊ देतेय."

आठव्या दिवशी ऑफिसातली मंडळी जेवायला होती. संपादक नवे होते तेव्हा. आई बाहेर येऊन सोफ्याच्या कडेला बसली. कोट घालून! गोठ्याचा वास सगळ्या खोलीभर. मी वाकून म्हटलं, हळूच म्हटलं, प्रेमानेच, "आई, तू जरा आत बस ना. तुलाच अवघडल्यासारखं होईल."

उठली. गेली. मंडळी उशिरापर्यंत रंगली आणि मी विसरले. साफ विसरले! ताट घेऊन गेले तर पलंगाच्या कडेला बसलेली, दिवा लावलेला नाही, पिशवी मांडीवर. जेवली. म्हणाली, "गाय वाट बघत असेल गं." दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेली.

हे लेखात घेता येणार नाही. चारशे शब्दांत बसत नाही.

११ नोव्हेंबर

कोट घातला. कुठेतरी वाचलं होतं, मालकाचे कपडे घातले की जनावर पान्हा सोडतं. सुतळीसुद्धा बांधली.

गाईने बाही हुंगली. मग दुसरी बाही. मग कॉलर, बराच वेळ. आणि मान माझ्या खांद्यावर टाकली, सगळं वजन टाकून. मी हलले नाही. पाय बधिर झाले तरी हलले नाही. आई गेल्यापासून मला कुणी असं धरलं नव्हतं.

दूध नाहीच. पण लेख मिळाला.

१२ नोव्हेंबर

नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काकूंना विचारलं, आई गाईशी बोलायची का? माझ्याशी तर फोनवर दोन मिनिटांच्या वर नाही. "ठेव आता, तुला कामं असतील."

"बोलायची का? अगं, तोंड दुखेल इतकं! भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. रेडिओ लावावा लागायचा नाही."

"काय बोलायची?"

"तुझंच. पोरीचं नाव छापून आलंय, पोरीला खोकला झालाय, पोरीचा आज फोन नाही. दादाचंही बोलायची. पण तुझं जास्त."

विचारलं, मग मला का नाही कधी काही सांगितलं तिने? काकू म्हणाल्या, "गाय मध्येच घड्याळ बघत नाही."

मी घड्याळ बघते, हे काकूंना कसं कळायचं? आईनेच सांगितलं असणार. गाईला.

गोठ्यात गेले, बोलून बघू म्हटलं. तोंड उघडलं आणि एक शब्द सुचेना. गाय रवंथ करत राहिली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लेख पाठवला. चारशे तीन शब्द. साडेचारला, मुदतीच्या आधी. शेवट असा केला: 'ती गेल्यापासून गाईने एक थेंब दूध दिलेलं नाही. आम्ही मुलं आपापल्या कामाला लागलो. खरं सुतक ती एकटी पाळते आहे.'

संपादकांचा लगेच फोन. "काय लिहिलंयत! हेच चौकटीत घेतोय. मथळा देतो, 'आईविना पान्हा आटला'." पुरवणी आज रात्री छापायला जाईल.

इतक्या वर्षांत मलाही क्वचित साधलंय असं. लिहून झाल्यावर बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली. ती पाच मिनिटं टिकली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शेवटचा प्रयत्न. नाही.

दादाचा फोन: उद्या दहापर्यंत टेम्पो येतो. थोडं थांबूया का, म्हटलं. "थांबून काय होणार? तू सोमवारी जाणार. मी इथे. तुला काय वाटतं, मला आनंद होतोय?" त्याचंही चूक नाही. तो गोठ्यात कधी पाऊल टाकत नाही, बुटांना शेण लागतं. मी यायचे तीही दुपारच्या गाडीने, धार केव्हाच काढून झालेली असायची.

सहा वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी ठरवलं होतं. म्हणजे दादाने ठरवलं, मी हो म्हटलं, आईने मान हलवली. गाय दूध देतेय तोवर आईने इथे राहायचं. आटली की घर बंद. सहा महिने दादाकडे, सहा महिने माझ्याकडे.

दर रविवारी फोनवर विचारायचे, "गाय देतेय ना?"

"देतेय की. दोन लिटर."

बरं वाटायचं ऐकून. कशाने ते आज लिहून टाकते, इथे कोण वाचणार आहे. आतल्या खोलीत मी माझं टेबल मांडलं होतं. पुस्तकं होती. तिथे पलंग पुन्हा टाकावा लागला नाही, याचं बरं वाटायचं.

आई कशी होती ते बारा दिवस आठवतेय. मी कशी होते ते मात्र धडाधड आठवतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

टेम्पो येणार नाही. दादाचा फोन होता. वाटेत पेपर घेतला, रस्त्याच्या कडेला गाडी लावून रडला म्हणाला. "गाय राहू दे तिथेच. वैरणीचं मी बघतो. मरेपर्यंत राहू दे." मी बरं म्हटलं. बाकी काही सांगितलं नाही.

त्याआधी, सकाळी मी डेअरीवर गेले होते; डेअरीवाल्याने रांगेत लेख मोठ्याने वाचला. चौकटीपाशी आला आणि त्याने पेपर घडी करून काट्यावर ठेवला. कुणी वर बघेना. काकूंनी मला दंडाला धरून बाजूला नेलं.

"अगं, ती कसलं सुतक पाळतेय? आटून दोन वर्षं झाली तिला. माझ्या गाईचं दूध न्यायची तुझी आई. रोज दोन लिटर, माझ्या दारातून. अख्ख्या रांगेला गळ घातली होती तिने, पोरांना कळू द्यायचं नाही."

"का पण?"

"आटली की न्यायचं ठरलं होतं ना तुमचं." मग माझ्याकडे न बघता, कॅनचं झाकण उगाच घट्ट करत म्हणाल्या, "म्हणायची, तिकडे आत बसावं लागतं."