ताणलेला पत्रा

सोमवार, ३ जून

पोचा! तोही पत्र्याच्या मागच्या भिंतीला, चांगला वीतभर! लेकीचा गिटारचा अँप तिच्या घराच्या जिन्यावरून गडगडत खाली आला. लाकडी खोका नुसता टवका उडून वाचला. पण आतली चॅसी, सगळे भाग जिच्यावर बसतात ती पत्र्याची पेटी — मी स्वतः वाकवून केलेली — ट्रान्सफॉर्मरच्या वजनाने दबली. दोन काचेचे व्हॉल्व्ह वाकडे झालेत, म्हाताऱ्याच्या दातांसारखे.

शनिवारी तिची परीक्षा. मोठ्या वाद्यवृंदात एकच जागा आहे. "आई, मला तुझ्या अँपचाच आवाज हवाय," म्हणाली. अंगावर मूठभर मांस चढलं!

मग लगेच, "पण आई म्हणाल्या, नाहीच झाला दुरुस्त तर नवीन घेऊन देते."

ही दुसरी आई म्हणजे तिच्या सासूबाई. माझ्या विहीणबाई. शिवणकाम करतात. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी 'आई' ऐकलं की मी अजून 'ओ' द्यायला वळते. आणि मग पदर सावरल्यासारखं करते.

मंगळवार, ४ जून

व्हॉल्व्ह काढून जुन्या मोज्यांत गुंडाळून ठेवले. कपॅसिटरमधली उरलेली वीज आधी काढून टाकली — एकदा विसरले होते, तेव्हा भिंतीवर जाऊन आदळले होते. तारांच्या जागा वहीत काढल्या, ट्रान्सफॉर्मर उतरवला. मला हे कुणी शिकवलं नाही. घरचा रेडिओ उघडून, बिघडवून, बोलणी खाऊन शिकले.

पोचा काढताना घाई नाही. खाली वाळूची पिशवी, हातात लाकडी मोगरी, आणि कडेकडेने आत येत टक टक. बाळाला थोपटावं तसं. निम्मा निघाला आज.

दुपारी लेकीचा फोन. विहीणबाईंनी तिला शनिवारसाठी जाकीट शिवलंय. "काय बसलंय अगं अंगात!" पाच मिनिटं नुसतं जाकीट! अँपची चौकशी फोन ठेवता ठेवता.

बुधवार, ५ जून

घात केला. हातात मोगरी, डोक्यात जाकीट. एक घाव मधोमध बसला, रागाचा. मग दुसरा. पोचा गेला — पण पत्रा ताणला! आता भिंत दाबली की टक् आत, सोडली की टक् बाहेर. डब्याच्या झाकणासारखी. अँप वाजायला लागला की ही थरथरणार आणि आवाजात खरखर येणार. ताणलेला पत्रा काही आपणहून आखडत नाही. नवी चॅसी करायची तर आठवडा हवा.

म्हणजे नवा अँप. विहीणबाईंचा.

गुरुवार, ६ जून

दोघी आल्या होत्या. लेक फोनवर बोलत बाहेर गेली, तेवढ्यात विहीणबाईंनी चॅसीला बोट लावलंच. टक्!

"हे काय हो?"

"पत्रा जास्तीचा झालाय. बसत नाही."

"कापड जास्तीचं झालं की आम्ही चुणी घेतो."

"विहीणबाई, हा पत्रा आहे!"

"मग जाड कापड समजा की!"

आणि हसल्या. हसताना त्यांच्या गालाला खळी पडते. आजच दिसली. आवडली नाही.

निघताना लेकीने त्यांच्या खांद्यावरचा दोरा उचलून टाकला. न बघता, सवयीने. एवढंच. पण तेव्हापासून माझा जीव जळतोय.

शुक्रवार, ७ जून

पत्र्याला चुणी! आधी भंगार तुकड्यावर करून पाहिलं. दोन लाकडी पट्ट्या, मध्ये फट, आणि बोथट छिन्नीने फटीत सरळ खाच दाबत न्यायची. सगळा सैलपणा खाचेत गेला. पत्रा ताठ! मग चॅसीवर. शेवटी बोटाने दाबून पाहिलं — गप्प.

संध्याकाळी सगळं जागेवर बसवून चालू केला. स्वच्छ आवाज. कुठे खरखर नाही.

विहीणबाईंना सांगणार नाही. मुळीच नाही!

शनिवार, ८ जून

अँप न्यायला लेक आली. सोबत त्याही.

"अगं आई, पत्र्यावरची ही रेघ किती सुरेख! तुला सुचलं तरी कसं?"

"सुचतं असं कधी कधी," मी म्हटलं.

विहीणबाईंनी रेघेवरून बोट फिरवलं. शिवणाऱ्या बाईला चुणी ओळखू येणार नाही होय! माझ्याकडे एकदा बघितलं, आणि अवाक्षर बोलल्या नाहीत. लेकीसमोर बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते. एवढं मोठं मन — तेही त्यांच्याकडेच!

रविवार, ९ जून

फोन उचलला. विहीणबाईंचा नंबर लावला. ठेवून दिला.

बुधवार, १२ जून

निवड झाली. वाद्यवृंदाचं गाव इथून दोन दिवसांच्या प्रवासावर. जावयानेही तिकडेच नोकरी पाहिलीय. महिनाअखेर जाणार, कायमचे. अँप नेणार नाही, तिथे वाद्यवृंदाचे आहेत. "तुझ्या अँपच्या आवाजानेच जमलं गं," म्हणत लेक गळ्यात पडली, आणि आवराआवरीला पळाली.

तिच्याबरोबर आलेल्या विहीणबाई मात्र उठल्याच नाहीत. "घरी जाऊन करू काय?" म्हणाल्या.

"ती चुणी तुमची होती," मी म्हटलं.

"माहीत आहे हो." मग म्हणाल्या, "मी गप्प बसले असते तर—"

"मी ऐकलं नसतं तर पोरगी इथेच राहिली असती."

दिवे लागले तरी बसल्या आहेत. हे त्यांच्यासमोरच लिहितेय.