पूर्वीला पाठवणार नाही

अंजूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रितेश यास ताईचे आशीर्वाद.

फोनवर तू ओरडतोस, मग मीही ओरडते आणि बोलायचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. दिवाळीच्या सुट्टीला माझ्याकडे आलेल्या तुझ्या पूर्वीला मी परत पाठवणार नाही. बालवाडी सुरू झाली तरी नाही.

बाई सांगतात, ती मुलांना चावते, ढकलते. तू म्हणतोस, लाडाने बिघडली. काल तिच्या हातून दूध सांडलं. मी फडकं आणायला वळले, तेवढ्यात तिने स्वतःच्याच गालावर फाडकन मारून घेतलं. असं का केलंस विचारलं, तर म्हणाली, पप्पांच्यापेक्षा हळू लागतं. चार वर्षांची आहे रे ती! घरात जे मिळतं तेच ती बालवाडीत वाटणार ना?

गोडाउनचा साहेब तुला झापतो, तर त्याला उत्तर दे. तिथे मान खाली आणि घरी पोरीवर हात, ही कसली मर्दुमकी?

मृणालीलाही जप, बायको आहे तुझी. शिव्या घातल्या तरी माया आटलेली नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी
निशाताई


भिवंडी
२१ नोव्हेंबर २०२४

ती. निशाताईस सा. न. वि. वि.

माझी मुलगी ठेवून घ्यायचा हक्क तुला कोणी दिला? तुझी पोरं मोठी झाली, आता दुसऱ्याला शिकवणं सोपं आहे.

वळ गावच्या गोडाउनमध्ये सणापासून डबल ड्युटी चाललीय. दोन माणसं काम सोडून गेली, त्यांचंही माझ्याच गळ्यात. ट्रक उशिरा भरला की नाव माझं. साहेबाला उत्तर दिलं तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत यावं लागेल. घरी येतो तेव्हा डोकं फुटत असतं, खाली पॉवरलूमची खडखड, मृणालीही शिलाईच्या कामाने वैतागलेली आणि पोरगी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागते. बसते एखादी चापट. आपल्याला बाबांनी काय कमी मारलं? मेलो का आपण?

रविवारी न्यायला येतो. तिची पिशवी भरून ठेव. दारात तमाशा नको.

रागाने लिहिलंय, तरी पाया पडतो. लहान समजून पदरात घे.

प्रितेश


भिवंडी
१२ डिसेंबर २०२४

ती. निशाताईंना मृणालीचा नमस्कार.

आधी माझा राग ऐका. पत्र तुम्ही फक्त भावाला लिहिलंत. पूर्वी माझी कोणी नाही का? आणि तुम्ही मलाही रागवायला हवं होतं. जेवली नाही की येऊ दे पप्पांना, झोपली नाही की येऊ दे पप्पांना, हे रोज मीच म्हणायचे. ते दाराशी यायच्या आधीच त्यांची भीती मी घरात आणून ठेवायचे.

त्या रविवारी ह्यांच्या मोटारसायकलवरून आम्ही तुमच्या अंगणात आलो आणि पोरगी, मी काय केलं न्हाय, मी काय केलं न्हाय, म्हणत पलंगाखाली घुसली. अजून कोणी तिला हाकही मारली नव्हती. हे तुमच्याशी भांडायला आले होते, पण तिथेच जमिनीवर बसले. तुम्ही तेव्हाही त्यांना बोलतच होता, ताई. ते बरं केलंत.

तुम्ही भरवसा ठेवून तिला आमच्याबरोबर पाठवलंत, पण घरी आणल्यावर जादू झाली असं समजू नका. मागच्या आठवड्यात ती पुन्हा एका मुलाला चावली. डबल ड्युटी तशीच आहे. हे घरी आले की आधी गच्चीवर जाऊन बसतात, डोकं निवलं की खाली येतात. एखाद्या दिवशी विसरतात.

परवा विसरले. तिने ताटातला भात उपडा केला आणि ह्यांचा आवाज चढला. मी मध्ये पडणार, तोच ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडली, की पप्पा, ओरडू नको, मला न्हाय आवडत! ह्यांचा हात अर्धा उचललेला होता. ती हलली नाही. त्यांनी हात खाली घेतला, खाली वाकून भात गोळा केला आणि ताट घेऊन मोरीत गेले.

माझी लेक पहिल्यांदा बापावर रागावली, ताई. मला इतकं बरं वाटलं की मी तिला थांबवलंच नाही.

आमच्यावर चिडत राहा, पण दुरावू नका.

तुमची
मृणाली