घरच्या घोडीचा खोकला

चि. धाकट्यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि सोबत दोन शिव्या.

मी आणि नात, दोघी खुशाल. परदेशी स्पर्धेला जाणारे घोडे विमानात चढवण्याआधी इथे वेगळे ठेवतात, त्यांत नातीची घोडी आहे. आत जाताना पायताणं औषधाच्या पाण्यात बुडवावी लागतात. माझ्या चपला एवढ्या स्वच्छ माझ्या लग्नातही नव्हत्या.

तू फोनवर म्हणालास, घरची म्हातारी घोडी खोकतेय, पण तिथे बोलू नकोस, आपलीला अडवतील. मेल्या, दोघी घोड्या एकाच तबेल्यातल्या, मी लगेच इथल्या डॉक्टरांना सांगून टाकलं. बाकीच्या घोड्यांनी काय पाप केलंय?

नात भडकली. "आजी, तू माझी स्पर्धा बुडवलीस!" मग अबोला. डॉक्टरांनी तिच्या घोडीच्या नाकातलं पाणी पुन्हा तपासायला नेलं. आज कळलं, रोग नाही. अजून एक तपासणी उरलीय, तीही चांगलीच निघेल.

म्हातारीला डॉक्टर दाखवलास का? तिची बादली दुसऱ्या घोड्यांना लावू नकोस. तुझे गुडघे काय म्हणतात?

आता पुरे करते. नात घोडीला खरारा करतेय आणि मला ओरडतेय, "आजी, बसलीस काय, शेपूट धर!"

तुझी,
थोरली