रायापूरच्या थांब्यावरची पर्स

मी, विमल प्रभंजन नरगुंदकर, वय पासष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार देशपांडे नगर, हुबळी, पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण संतापात हे मृत्युपत्र करते. शुद्धीचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. संतापाला दाखला लागत नाही. नवऱ्याला चाळीस वर्षं ‘अहो’ म्हटलं. या कागदात तो नुसता प्रभंजन.

१. १९८४ साली रायापूरच्या बसथांब्यावर एकानं माझी पर्स हिसकावली. मी पडले, कोपराला तीन टाके पडले. प्रभंजन चोरामागे धावला, पर्स परत आणली. या शूरवीरासाठी मी ठरलेलं लग्न मोडलं. गेल्या महिन्यात नातवाच्या मुंजीत, भर पंगतीत, प्रभंजनचा दोस्त बाळकृष्ण शिग्गावकर म्हणाला, “वहिनी, तो चोर मीच होतो की! ह्यानंच सांगितलं होतं.” अख्खी पंगत हसली. काय रोमँटिक, म्हणे. रोमँटिक कसलं डोंबलाचं!

२. पर्स हिसकावली त्या दिवसापासून मी एकटी बसमध्ये चढले नाही. धारवाडला मुख्याध्यापिकेची जागा मिळत होती, ती सोडली, कारण वाटेत रायापूर. प्रभंजन मला रोज स्कूटरवरून लॅमिंग्टन रोडच्या शाळेत सोडायचा आणि लोक म्हणायचे, नशीब काढलंस बाई. चोर खोटा होता हे त्याला रोज सकाळी ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं, तेवढं मेल्याच्या तोंडून निघालं नाही.

३. माझ्या पगारातून बांधलेलं घर मुलगी निवेदिता हिला. पंगतीत ती एकटीच हसली नाही. “अप्पा, खरंच?” असं तिनं विचारलं, तर हा म्हणतो, “अगं, गंमत!” प्रभंजनला मरेपर्यंत पुढच्या खोलीत राहता येईल, पण कलम पाच पाळलं तरच.

४. ती पर्स मी वेड्यासारखी जपून ठेवली आहे. ती बाळकृष्णला द्यावी. अर्धी राहिलेली चोरी पुरी होईल.

५. वकील म्हणतात, साक्षीला शेजारचे घ्या. मुळीच नाही. तेव्हा हजर होते तेच दोघे हवेत, आणि सहीआधी प्रत्येकानं स्वतःच्या हातानं खरं काय ते लिहायचं. ‘गंमत’ हा शब्द दिसला तर कागद फाडीन, आणि नव्या कागदात ती खोलीही नसेल.

हुबळी, ९ जून २०२५
सही: विमल नरगुंदकर

साक्षीदार पहिला: पर्स मी ओढली. वहिनी पडतील असं वाटलं नव्हतं.
बाळकृष्ण शिग्गावकर

साक्षीदार दुसरा: मीच सांगितलं होतं. तू घाबरून माझ्याचबरोबर यायचीस, ते मला आवडायचं. म्हणून बोललो नाही.
प्रभंजन नरगुंदकर

वाचलं. शब्द दिला होता, खोली राहील. हा कागद निवेदिताकडे ठेवायला मी उद्या धारवाडला जाणार आहे. बसनं, एकटी. स्कूटर काढू नये.
वि. न.