बुटकीचे मागचे पाय

सूनबाई,

तुझा फोन लागत नाही, साइटवर असशील. पुस्तकं काढताना मी बुटकी पलंगावरून उतरते ती उतरती फळी बाजूला केली आणि परत लावायला विसरलो. कॉर्गी जातीच्या कुत्रीची लांब पाठ ती. पलंगावरून उडी मारली आणि मागचे पाय लुळे पडले. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आजोबा, कडेवर घेऊ नका, सपाट झोपवून आणा." म्हणून तुझा ड्रॉइंग बोर्ड नेतोय. शेजारचे गाडी काढताहेत. ती ओरडतसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघते. आजच ऑपरेशन झालं तर पाय वाचतील म्हणे. तुला विचारल्याशिवाय मी गॅससुद्धा पेटवत नाही, पण सही करून टाकतो. रागवायचं ते दवाखान्यात येऊन रागव.

– बाबा