शेवटची सोळा पानं

बाबा,

तुम्ही जाऊन महिना झाला. आज तुमचं बाइंडिंगचं दुकान रिकामं केलं. पुस्तकं दाबायचा शिकंजा हलवला, तर त्याच्याखाली एक पातळ पुस्तक सापडलं. सोळाच पानं, पण शिवण तुमचीच.

मी चौदाची होते आणि आई अंथरुणाला खिळलेली. वाचनालयाची एक जुनी कादंबरी नव्याने शिवून झाल्यावर तुम्ही ती मला वाचायला दिलीत. त्यातली मुलगी म्हणजे हुबेहूब मीच. तोंडाळ, हट्टी, आजारी आईची. शेवटच्या पानावर तिची आई उशीला टेकून बसली आणि तिने चहा मागितला. मी नाचतच दुकानात आले. "बाबा, आपली आईपण उठणार!" तुम्ही नुसतं "हं" म्हणालात.

आई गेली तेव्हा मी तुमच्यावरच बरसले, "खोटी पुस्तकं शिवता तुम्ही!" तुम्ही बोटांची खळ पुसत राहिलात. नंतर आपण एका घरात राहिलो, पण तोंडदेखलं बोलत.

ही सोळा पानं म्हणजे त्याच कादंबरीचा खरा शेवट. तिची आई जाते. ते मला दिसू नये म्हणून तुम्ही पानं काढलीत, कळतं मला. पण अहो, जन्मभर पुस्तकं शिवलीत, पानाला दोन बाजू असतात हे तुम्हाला मी सांगायचं? त्याच पानाच्या मागे ती मुलगी बापाच्या गळ्यात पडून रडते.

तुमची,
भांडकुदळ लेक